फोटोत काळं दिसणारं लुगडं

पत्र्याची एक ट्रंक, तीन आल्बम आणि भिंतीवरच्या दोन तसबिरी. मोजले तेव्हा ३१८ फोटो भरले. त्यांतल्या १४१ फोटोंत पन्नाशीपुढच्या बायका होत्या, काही मधोमध बसलेल्या, बऱ्याचशा कडेला, दाराआड, लग्नाच्या पंगतीमागे. या बायकांच्या अंगावर रोजच्या वापरातलं कोणतं कापड आहे, ते छापील की विणलेलं आणि फोटो कधीचा, याची यादी करायची. मग डिजिटल प्रती आणि निवडक मूळ फोटो एका संग्रहालयाकडे द्यायचे, एवढं काम होतं. ११ जानेवारी २०२५ला सुरू झालं, १९ जूनला पावती मिळाली. घरात अशी ट्रंक असेल आणि हात कुठून घालावा कळत नसेल, तर हे उपयोगी पडावं.

सुरुवात जानेवारीत केली ती हवा कोरडी म्हणून. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळ्यात तो ओल धरून मऊ होतो, शेजारच्या कागदाला नाही तर काचेला चिकटतो. त्यामुळे आल्बममधून फोटो सोडवायचे तर दिवाळीनंतर आणि वळवाच्या आधी. काळ्या कागदाच्या जुन्या आल्बममध्ये फोटो कोपऱ्यांत खोचलेले असतात, ते सहज निघतात. त्रास होतो तो चिकट पानांच्या आणि वर प्लॅस्टिकची झिल्ली असलेल्या आल्बमचा. तिथे नखाने उचकटू नका. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे सरकवायचा. एका फोटोला पाच ते दहा मिनिटं लागतात. जिथे दोराही अडला, तिथे आम्ही पानासकट फोटो स्कॅन केला आणि पान तसंच ठेवलं.

तसबिरींपैकी एकीतला फोटो काचेला चिकटलेला निघाला. तो ओढला असता तर चेहरा काचेवर राहिला असता. मागचा पुठ्ठा काढून पाठीचा फोटो घेतला, पुढची बाजू काचेतूनच. कॅमेरा समोर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून दिवे, आणि कॅमेऱ्यामागे काळी चादर, म्हणजे काचेत खोली दिसत नाही.

साहित्य फार नाही: नायट्राइलचे हातमोजे (सुती मोज्यांचे धागे कडांना अडकतात), मऊ ब्रश, दहापट भिंग, पट्टी, मऊ शिसाची पेन्सिल, आम्लरहित कागदाची पाकिटं. जुना फ्लॅटबेड स्कॅनर ६,५०० रुपयांना मिळाला, बाकीच्यावर तीन-एक हजार गेले. पाठीवर क्रमांक घालायचा तो पेन्सिलने, कडेला, फोटो काचेवर पालथा ठेवून. बॉलपेनचा दाब पुढून उठतो आणि शाई कालांतराने पाझरते.

स्कॅनिंगला पाच आठवडे गेले, रोज संध्याकाळी तास-दीड तास. नावं घालण्यासकट तासाला वीसच्या वर फोटो होत नाहीत, हे आधी कळलं असतं तर एका शनिवार-रविवारात उरकायचा बेत केला नसता. फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा; पिवळेपणा, चांदी वर येऊन कडेला दिसणारी निळसर झाक, हाताने भरलेला रंग, हे सगळं त्यातच टिकतं. टिफ फाइल, पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), लहान फोटोला १,२००.

लहान फोटोला दुप्पट का, तर हिशेब असा. १२० फिल्मवर ६ बाय ६ सेंटीमीटरची निगेटिव्ह येते आणि कित्येक घरगुती फोटो तिच्याच मापाचे, थेट कागदावर उतरवलेले असतात. त्यात १५५ सेंटीमीटर उंचीची बाई ४ सेंटीमीटरची दिसते. म्हणजे पातळावरची १ सेंटीमीटरची बुट्टी फोटोत पाव मिलिमीटरची झाली. ६०० डीपीआयला ती सहा ठिपक्यांत मावते आणि फूल, पान की नुसता डाग, काही सांगता येत नाही. १,२००ला बारा ठिपके मिळतात, आकार कळू लागतो. त्याहून वर गेलो तर कागदाचा पोतच मोठा होऊन दिसतो. एका फाइलला २० ते २५ एमबी, पुढची-मागची बाजू धरून सगळं मिळून १५ जीबीच्या आसपास गेलं.

इथे पहिली मोठी चूक झाली. पहिले ४० फोटो वेळ वाचवायला बाहेर एका दुकानात दिले होते. परत आले ते स्वच्छ, चकचकीत. यादी करताना लक्षात आलं, की ठिपक्यांच्या पातळावरचे निम्मे ठिपकेच गायब आहेत. धूळ काढायचं सॉफ्टवेअर पांढरा बारीक ठिपका दिसला की पुसतं. त्याला कचरा आणि कापडावरची नक्षी यांतला फरक कसा कळणार? ४०च्या ४० पुन्हा करावे लागले. दुकानात द्यायचेच असतील तर तीन गोष्टी लिहूनच द्या: धूळ काढणं बंद, शार्पनिंग बंद, आपोआप काँट्रास्ट बंद.

मग खरं काम, कापड वाचायचं.

आमची समजूत होती, की लुगड्याच्या पद्धतीवरून साल निघेल. नऊवारी म्हणजे जुना, गोल पाचवारी म्हणजे नवा. तरुण बायकांपुरतं हे ढोबळमानाने चालतं. म्हाताऱ्या बायकांना मुळीच लागू होत नाही. बाई विशी-पंचविशीत जे नेसायला लागते तेच पुढे चाळीस-पन्नास वर्षं नेसते. एका फोटोत आजी नऊवारीत, खणाच्या चोळीची गाठ पुढे मारलेली, पदर डोक्यावरून. आम्ही १९३५ लिहून मोकळ्या झालो. त्याच फोटोत तिच्या मांडीवरच्या नातीचा फ्रॉक भिंगाखाली धरला तर कापडाला काचेसारखी कडक चमक, बाहीतून दंड आरपार दिसणारा. नायलॉन. म्हणजे फोटो साठच्या दशकाच्या मागे जाणं कठीण. तीस वर्षांची चूक. तेव्हापासून नियम केला: साल काढायचं ते फोटोतल्या सगळ्यांत तरुण माणसाच्या कपड्यांवरून, आजीचं लुगडं साल सांगायला वापरायचं नाही. ते दुसरं काही सांगतं, तिच्या तरुणपणी घरात काय नेसत होते ते.

कागदही साल सांगतो. करवतीसारखी कातरलेली कड असेल तर बहुधा तीस ते साठची दशकं. पाठीला प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत स्पर्श असेल तर सत्तरच्या आसपासचा किंवा पुढचा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण ११ बाय १६.५ सेंटीमीटरचा असेल तर कॅबिनेट कार्ड, एकोणिसाव्या शतकाची अखेर किंवा विसाव्याची सुरुवात. मात्र जुन्या फोटोवरून नंतर काढलेल्या प्रती घरोघर असतात. प्रतीत कडा मऊ होतात आणि कधीकधी मूळ फोटोची घडी किंवा टाचणी छापून येते. तशी खूण दिसली की कागदाची साक्ष धरू नका.

यानंतर रंग, आणि इथे आम्ही सगळ्यांत जास्त अडखळलो. काळ्यापांढऱ्या फोटोतला करडा रंग डोळ्याला जे दिसतं ते दाखवत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या साध्या प्लेटा (फिल्मच्या आधी कॅमेऱ्यात घालायच्या काचा) जवळजवळ फक्त निळा आणि जांभळा प्रकाश टिपत. त्यांत निळीचं लुगडं फिकट, जवळपास पांढरं येतं आणि पिवळं, लाल काळं पडतं. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना आणि फिल्मला हिरवा, पिवळा दिसू लागला, लाल मात्र दिसेना. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६पासून बाजारात होत्या, तरी घरगुती कॅमेऱ्याची फिल्म बरीच वर्षं ऑर्थोच राहिली. कोडॅकची व्हेरिक्रोम ही लोकप्रिय फिल्म १९३१ची, तीही ऑर्थो. तिची व्हेरिक्रोम पॅन झाली ती १९५६ला.

याचा लुगड्याशी संबंध असा. ब्राह्मण घरांतल्या सोवळ्या (केशवपन केलेल्या) विधवा आलवण नेसत, तांबडं, बिनकाठाचं. चंद्रकळा काळी, सवाष्णीची, संक्रांतीला हौसेने नेसायची. ऑर्थो फिल्मवर दोन्ही सारखीच काळीभोर दिसतात. यादीच्या पहिल्या खर्ड्यात आम्ही सहा बायकांपुढे ‘चंद्रकळा’ लिहिलं होतं, त्यांतल्या चौघींच्या अंगावर आलवण निघालं. ओळखायचं ते रंगावरून नाही: काठ आहे का, अंगात चोळी आहे का, हातात बांगड्या आहेत का, कपाळ मोकळं आहे का, डोक्यावरचा पदर कानांमागे किती घट्ट ओढलेला आहे. काठ, चोळी, बांगड्या, कुंकू यांतलं काहीच नाही आणि अंगभर सलग काळोख, तर ते आलवण. चौघींची नोंद बदलताना थोडं गप्प व्हायला झालं. तोवर आपण त्यांना सणाची साडी नेसवून बसलो होतो.

फिल्म कोणती हे ओळखायला कुंकू उपयोगी पडतं. फोटोतल्या सवाष्णीचं कुंकू शाईसारखं काळं असेल तर ऑर्थो असण्याचा संभव जास्त; ते कपाळात मिसळून जेमतेम दिसत असेल तर पॅन. अर्थात काही घरांत कुंकूच गडद लावत, त्यामुळे एका कपाळावर विसंबू नये, फोटोत चार सवाष्णी असतील तर चारही बघाव्यात.

जुने फोटो आपोआप रंगवून देणारं एक ॲपही वापरून पाहिलं. त्याने आलवण निळं केलं. पुढे त्या वाटेला गेलो नाही. रंगीत फोटोंवरही आंधळा विश्वास नको. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या प्रतींतला निळसर रंग आधी उडतो, मागे तांबूसपणा उरतो. हिरवं पातळ विटकरी दिसायला लागतं. आणि स्टुडिओत हाताने रंगवलेल्या फोटोत रंग हा रंगवणाऱ्याच्या कुंचल्यातला. नक्षी मात्र खालच्या फोटोतली असते, ती भिंगाखाली रंगाच्या आड सापडते.

आता छपाई. १४१ फोटोंपैकी छापील कापड म्हणून आम्ही आधी ५८ नोंदवले, तपासणीत ३७ उरले. गळालेले बहुतेक चौकडीचे होते. विणलेल्या चौकडीत तीन छटा असतात: पट्टी, जमीन (म्हणजे नक्षीमागचं सलग कापड), आणि उभी-आडवी पट्टी जिथे एकमेकींना छेदतात तिथला सगळ्यांत गडद चौकोन. छापील चौकडीत हा छेद बहुतेक वेळा पट्टीच्याच छटेचा असतो. शिवाय विणलेली रेघ धाग्याबरोबर जाते, कापड ताणलं की तीही वाकते. छापील रेघ किनारीला किंचित तिरकी धावताना दिसते. काठाचं म्हणाल तर इरकली, नारायणपेठी, करवतकाठी हे सगळे विणलेले. काठावर बुट्टीचा काही भाग चढलेला दिसला किंवा काठाचा रंग जमिनीत सांडलेला दिसला, तर तो छापील काठ.

छपाई ठशाची, रोलरची की स्क्रीनची (जाळीतून रंग उतरवलेली), हे नक्षी किती अंतराने परत येते त्यावरून अंदाजता येतं. हाताच्या लाकडी ठशाचं माप सहसा वीतभर किंवा कमी, आणि दर ठशाला सांधा थोडा सरकतो, कुठे दोन ठसे एकमेकांवर चढतात, कुठे बारीक फट राहते. तांब्याच्या कोरीव रोलरचा घेर साधारण ४० सेंटीमीटर, म्हणून नक्षी त्या अंतरात किंवा त्याच्या निम्म्या, तिसऱ्या अशा समान भागांत परत यायलाच हवी, आणि सांधा दिसत नाही. रोलरखाली जाताना कापडाला चुणी पडली, तर उलगडल्यावर तिथे एक कोरी रेघ राहते. अशी रेघ एका पातळाच्या पदरावर सापडली आणि ती आम्ही आधी फोटोवरचा ओरखडा समजलो होतो! ओरखडा हातावरून, भिंतीवरूनही पुढे जातो. ही रेघ कापड संपलं तिथे संपली. फिरत्या स्क्रीनची छपाई १९६३नंतरची, तिचा घेर बहुधा ६४ सेंटीमीटर.

हे अंतर फोटोत मोजायचं कसं? माप माहीत असलेली एखादी वस्तू शोधायची. जुन्या घरांत ८ इंची सिमेंटच्या टाइल असतात. घर उभं असेल तर जाऊन एक टाइल मोजून यायची. घरात टिकलेला तांब्या, पाट, जातं, काहीही चालतं, फक्त ती वस्तू आणि कापड कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवीत. मोजणी निऱ्यांवर करू नका, तिथे अर्धं कापड घडीत असतं. बसलेल्या बाईच्या मांडीवर पसरलेला किंवा पाठीवरून सपाट गेलेला पदर सगळ्यांत बरा. ३७पैकी मोजण्याजोगा सपाट भाग फक्त १४ फोटोंत मिळाला. बाकीच्यांपुढे ‘छपाई, प्रकार अनिश्चित’ लिहिलं.

म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर छापील कापड आधी येतं ते लुगड्यात नाही, चोळी-पोलक्यात. चिटाचं (छापील सुती कापडाचं) पोलकं, त्यावर विणलेल्या काठाचं साधं लुगडं, असे फोटो पुष्कळ आहेत. तेव्हा यादीत वरच्या कपड्याचा रकाना वेगळा ठेवा. आम्ही ठेवला नव्हता आणि फेब्रुवारीत सगळा तक्ता पुन्हा मांडावा लागला. छापील पातळं आणि वायल आज्यांच्या अंगावर दिसतात ती आमच्या फोटोंत सत्तरनंतर, बारीक फुलं, फिकी जमीन. आणखी एक जागा बघायची सवय लावा: मागच्या दोरीवर, खाटेवर, भिंतीवर टाकलेली गोधडी. घरात फाटलेलं प्रत्येक लुगडं, झबलं, पोलकं तिच्यात गेलेलं असतं. फोटो १९६०चा असला तरी गोधडीतला चिटाचा तुकडा त्याच्या वीस वर्षं आधीचा असू शकतो. नऊ छपाया आम्हाला फक्त गोधड्यांत मिळाल्या.

एक बारीक तपासणी विसरू नका. पदर डाव्या खांद्यावर असायचा तो उजव्यावर दिसला, तर फोटो उलटा छापला गेलाय का ते आधी बघा. शेजारच्या पुरुषाच्या सदऱ्याच्या गुंड्या, पाटीवरची अक्षरं, घड्याळ, यांतलं काहीतरी सांगतंच. उजव्या खांद्यावरून पुढे येणारा गुजराती पदरही असू शकतो.

मार्चमध्ये ओळख पटवायला नात्यातल्या चार वृद्ध बायकांकडे गेलो. “हा फोटो कधीचा?” असं विचारलं की उत्तर येतं, “आता काय आठवतंय गं!” कापडाबद्दल विचारलं की गाडी सुरू होते. “मावशी, हे कुणाचं पातळ? कुठून आणलेलं? पुढे त्याचं काय केलं?” “अगं हे माझं, तिला दिलेलं मी. धाकट्याच्या बारशाला आलेलं. नंतर त्याची दुपटी केली.” धाकट्याच्या जन्माचं वर्ष घरात सगळ्यांना पाठ, म्हणजे साल मिळालं. मूळ फोटो घेऊन जाऊ नका, मोठ्या प्रती न्या. चहा सांडतो आणि बोट बरोबर चेहऱ्यावर टेकतं. एका बैठकीत पंधरापेक्षा जास्त फोटो दाखवले की सगळ्या बायका सारख्याच दिसायला लागतात, त्यांनाही आणि आपल्यालाही.

कागदपत्रांचं प्रकरण एप्रिलमध्ये. संग्रहालयाने मागितलं ते असं: अर्ज, वस्तूंची यादी तीन प्रतींत, मालकीचं प्रतिज्ञापत्र, कुटुंबातल्या इतर वारसांची संमतीपत्रं, दात्याच्या ओळखपत्राची प्रत. प्रतिज्ञापत्रासाठी घरात १०० रुपयांचे दोन मुद्रांक पडून होते, ते चालले नाहीत; महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४पासून त्या जागी ५०० रुपयांचा लागतो. नोटरीचे वेगळे. २१ एप्रिलला अर्ज दिला, ९ मेला परत आला. कारणं दोन. यादीत मापं इंचांत होती, त्यांना मिलिमीटरमध्ये हवी होती, आधी उंची मग रुंदी. आणि ‘छायाचित्रकार’ हा रकाना आम्ही कोरा सोडला होता. तिथे ‘अज्ञात’ लिहायचं, किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर तो जसाच्या तसा उतरवायचा. त्यांच्या कारकुनांनी शांतपणे समजावून सांगितलं, की फोटो तुमच्या ट्रंकेत आहे म्हणून त्याचा स्वामित्वहक्क तुमचा होत नाही. तुम्ही कागद देताय, हक्क नाही, हे अर्जात स्पष्ट असलं पाहिजे.

संमतीपत्रांनी सगळ्यांत जास्त दिवस खाल्ले. सात वारस, त्यांतला एक परदेशी. दोघांनी आलवणातल्या आजीचा फोटो संग्रहालयात नको म्हणून सांगितलं. त्यावर वाद घातला नाही. तो मूळ फोटो घरी ठेवला, आणि यादीत कापडाची नोंद तेवढी नावाशिवाय राहू दिली, तीही त्यांना विचारून. अशी अडचण येणार हे धरूनच चाला आणि संमतीचा कागद पहिल्या महिन्यातच फिरवायला काढा.

दुसऱ्यांदा अर्ज २६ मेला गेला. १९ जूनला ११२ मूळ फोटो स्वीकारल्याची पावती आली, प्रत्येकाला नोंदणी क्रमांक. घरच्या प्रतींच्या फाइलला तेच क्रमांक लगेच घालून टाका, नाहीतर दोन याद्यांची तोंडं दोन दिशांना होतात.

नोंद कशी लिहिली याचा एक नमुना देते, मांडणी ठरवायलाच आम्हाला महिना लागला होता. “वृद्ध स्त्री, बसलेली. नऊवारी लुगडं, विणलेला काठ, जमीन गडद (फिल्म बहुधा ऑर्थो, तांबडा रंग नाकारता येत नाही). पोलकं छापील, पाच पाकळ्यांची बुट्टी, सुमारे १२ मिमी, सांधा दिसत नाही. पाठीमागे गोधडी, दोन छपाया. अंदाजे १९४८ ते १९५६. आधार: शेजारच्या मुलीचा फ्रॉक, कागदाची कड, नात्यातल्या स्त्रीची माहिती. रंग: नोंदवलेला नाही.”